शर्ट घरी शिवायचाय: पॅटर्न छापला, कापड आणलं, कात्री लावायचा धीर होत नाही

नवशिका_टाका · ८ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. या विभागात ब्लाउज आणि कुर्त्यांचेच धागे दिसतात, त्यामुळे जरा चाचरतच लिहितोय. मला स्वतःसाठी फुल बाह्यांचा, कॉलरचा, ऑफिसात घालता येईल असा शर्ट शिवायचाय.

कर्वेनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मास्तर होते. बावीस वर्षं माझे सगळे शर्ट त्यांनीच शिवले. दिवाळीनंतर ते दुकान आवरून गावी गेले. तेव्हापासून रेडिमेडच्या मागे लागलोय आणि दर वेळी तेच रडगाणं: ४० नंबर घेतला तर वरचं बटण लागत नाही, ४२ घेतला तर खांद्याची शिवण दंडावर उतरते.

घरात सासूबाईंचं काळं पायमशीन आहे. सरळ टीप झकास मारतं, बाकी काही करत नाही. माझा अनुभव: दोन उशांचे अभ्रे, भाजीच्या तीन पिशव्या, आणि लेकीच्या स्नेहसंमेलनातला मावळ्याचा अंगरखा. तो अर्ध्या पोवाड्यात बगलेत उसवला.

एका अमेरिकी संकेतस्थळावरून पॅटर्न विकत घेतला. घरच्याच प्रिंटरवर छापून ए-फोरची ३६ पानं हॉलच्या फरशीवर जोडली. रविवार पेठेतून आकाशी पॉपलिन आणलं, ५८ इंची पन्हा (कापडाची रुंदी), पावणेदोन मीटर. ते आठ दिवस कपाटात घडी करून पडलंय. सुरुवात कुठून करू?

मृण्मयी_के · ८ जून, रात्री ११:२०

दादा, मस्त! मीही छापील पॅटर्नवरूनच शिवते, पण शर्टाच्या कॉलरला अजून हात घातलेला नाही. पहिलं काम, कापड पाण्यातून काढा. रात्रभर भिजवून, न पिळता वाळवून, थोडं ओलसर असतानाच इस्त्री. सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर सहज आटतं. हे विसरून मी एक सुंदर कुर्ता भाचीला दिलाय.

कापडगंज · ९ जून, सकाळी ७:०५

पॉपलिन घेतलंत, चांगलं केलंत. पहिल्याच शर्टाला लिनन किंवा रेयॉन घेऊन बसणारे लोक पाहिलेत. ते कापड टेबलावर सापासारखं सरपटतं.

पन्ह्याचं गणित इतरांसाठी लिहून ठेवतो. ५८ च्या पन्ह्यात फुल शर्ट १.६ मीटरमध्ये बसतो. ३६ च्या पन्ह्याला सव्वादोन लागतं, माणूस उंच असेल तर अडीच. नवशिक्याने पाव मीटर जास्तच घ्यावं, कारण कॉलर दोनदा कापावी लागते. लागतेच. चौकडीचं कापड पहिल्या खेपेला नको. खिशाची चौकट छातीच्या चौकटीशी जुळवता जुळवता संध्याकाळ होते, आणि नाही जुळली तर ती चूक समोरच्याला रस्त्यापलीकडून दिसते. बारीक बुट्टीचं असतं तर आणखी बरं. टीप वाकडी गेली तरी बुट्टीत लपते.

बॉबीनकाकू · ९ जून, सकाळी ७:४०

अरे, चांगल्या कापडाला अजिबात कात्री लावू नकोस. आधी मांजरपाटाचा, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचा शिव. मांजरपाट नसेल तर जुनी चादर घे. कॉलर, कफ, खिसा काही नको. पुढचे दोन भाग, पाठ, योक (खांद्यांवरचा आडवा तुकडा), बाह्या, आणि गळ्याला नुसता स्टँड (कॉलर जिच्यावर बसते ती उभी पट्टी). लांब टाके घाल म्हणजे उसवायला सोपं.

आणि पॅटर्नमध्ये माया, म्हणजे शिवणीसाठीचं जादा कापड, धरलेली आहे की नाही ते वाच. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या पॅटर्नमध्ये बहुधा पाच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) माया आत धरलेली असते. माझी बहीण जर्मनीहून बुर्दा या शिवणकामाच्या मासिकाचे अंक आणायची. त्यातल्या पॅटर्नना मायाच नसायची, आपण सोडायची. क्लासमधल्या एका मुलीने माया न सोडता सगळं कापलं होतं. शेवटी तो झगा तिच्या बाहुलीला झाला.

सदाशिव पेठेत तीस वर्षं क्लास चालवला, म्हणून अधिकाराने सांगतेय.

अनुस्वार · ९ जून, सकाळी ९:१५

पॅटर्न, कटिंग, ड्राफ्टिंग. मापाप्रमाणे आखून कापड कापण्याला मराठीत 'बेतणे' असा नेमका शब्द आहे. तो आता फक्त जिवावर बेततो.

बॉबीनकाकू · ९ जून, सकाळी ९:३०

अनुस्वार, आमच्या क्लासच्या पाटीवर 'बेतणे व शिवणे' असंच होतं. पाटी अजून माळ्यावर आहे. हवी असेल तर घेऊन जा.

मास्तर_५८ · ९ जून, दुपारी २:१०

मी कटिंग मास्तर होतो, कँपात. आता रिटायर. आमच्याकडे कागद नव्हता. माप घेतलं, खडू घेतला, कापडावर आखलं, कापलं. छातीचा चौथा हिस्सा मुंढ्याची (बाही जोडतात त्या वळणाची) खोली धरायची, मग अंगाकडे बघून अर्धा इंच इकडेतिकडे. कागदाला काय माहिती समोर कोण उभा आहे?

मिलीमीटर · ९ जून, संध्याकाळी ६:३०

मास्तर, कागद ही काही आजची थेरं नाहीत. वेगवेगळ्या मापांत कापलेले कागदी पॅटर्न विकायला एबेनेझर बटरिक नावाच्या अमेरिकी माणसाने १८६३ मध्ये सुरुवात केली. गंमत म्हणजे त्याने आधी पुरुषांचे आणि मुलांचेच कपडे काढले. बायकांचे पॅटर्न दोन-तीन वर्षांनी आले.

मास्तर_५८ · ९ जून, संध्याकाळी ७:००

काय करायचा तो?

मिलीमीटर · ९ जून, संध्याकाळी ७:०४

शिंपी होता.

मास्तर_५८ · ९ जून, संध्याकाळी ७:०५

मग बरोबर.

नवशिका_टाका · १६ जून, रात्री ९:५०

सर्वांचे आभार. पॉपलिन पाण्यातून काढून पुन्हा कपाटात ठेवलं. जुन्या चादरीचा शर्ट काल झाला. मोरांची नक्षी आहे, एक मोर नेमका पोटावर आलाय. फोटो दिलाय, हसून घ्या.

अडचण अशी की शर्ट घट्ट झालाय. माझी छाती ४०. पॅटर्नच्या तक्त्याप्रमाणे शर्टाची तयार छाती ४४ यायला हवी, म्हणजे चार इंच सैल. प्रत्यक्षात हात पुढे केला की पाठ ताणते आणि गळा तर घशाशी आलाय. माया बरोबर पाच सूतच घेतली होती, प्रत्येक टीप मोजून मारली. रेडिमेडचंच दुखणं घरी आणलंय असं वाटतंय.

निवांत_पाषाण · १६ जून, रात्री १०:१५

वजन वाढलं असेल. मला दर उन्हाळ्यात असंच वाटतं की कापड आटलं.

मृण्मयी_के · १६ जून, रात्री १०:३०

एक मोठा आकार घेऊन बघा ना. किंवा बाजूच्या शिवणीत थोडं सोडा.

मास्तर_५८ · १६ जून, रात्री १०:५०

बाजूला सोडून पाठीचा ताण जात नाही. मुंढा खाली उतरलेला असेल तर हात उचलला की अख्खा शर्ट वर येतो. लोकांना वाटतं मुंढा मोठा म्हणजे मोकळा. उलट आहे. मुंढा बगलेच्या जवळ हवा, तरच हात सुटा राहतो. जुन्या सदऱ्याला बगलेत चौबगला, म्हणजे चौकोनी तुकडा घालायचे, तो त्यासाठीच. शर्टाला चौबगला नाही, मग मुंढा नीट पाहिजे.

मिलीमीटर · १७ जून, सकाळी ८:००

थांबा. पहिल्या पानावर एक चौकोन छापलेला असेल, बाजूला त्याचं माप लिहिलेलं असेल. तो पट्टीने मोजा आणि इथे लिहा. टेपने नको, पोलादी पट्टीने.

नवशिका_टाका · १७ जून, सकाळी ८:४०

चौकोन चार इंचाचा असल्याचं लिहिलंय. भरतो एक सूत कमी.

अरे देवा.

मिलीमीटर · १७ जून, सकाळी ९:००

तेच. पॅटर्न अमेरिकी आहे, म्हणजे त्यांच्या लेटर कागदासाठी मांडलेला. तो कागद साडेआठ बाय अकरा इंच. आपला ए-फोर उंचीला जास्त पण रुंदीला कमी, सव्वाआठच्या जवळपास. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय चालू असला की प्रिंटर गुपचूप सगळं बारीक करतो. 'मूळ आकार, १०० टक्के' निवडायचं आणि आधी फक्त चौकोनाचं पान छापून मोजायचं. कडेची एखादी रेघ तुटली तर हाताने जोडता येते.

आता हिशेब करा. चार इंचाला एक सूत, तर ४४ इंचाला अकरा सूत, म्हणजे सव्वा इंच आणि वर एक सूत. गळ्याच्या १६ इंचाला चार सूत, अर्धा इंच. अर्ध्या इंचात माणूस गुदमरतो. आणि माया तुम्ही पट्टीने मोजून पूर्ण पाच सूत घेतलीत, पण कागदावर ती आधीच बारीक झालेली होती. म्हणजे प्रत्येक शिवणीत आणखी किंचित गेलं.

पानं जोडायचा ताप नको असेल तर इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर कॉलेजांच्या आसपास मोठे नकाशे काढून देणारी दुकानं आहेत. ए-झिरोची फाइल असेल तर दोन तावांत शर्ट येतो. तिथेही चौकोन मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

बॉबीनकाकू · १७ जून, सकाळी ९:२०

आणि चांगल्या कापडाला आधी कात्री लावली असती तर?

नवशिका_टाका · १७ जून, सकाळी ९:२५

काकू, तुमच्यासाठी चितळ्यांची बाकरवडी.

निवांत_पाषाण · १७ जून, सकाळी ९:४०

माझं वजनाचं विधान मागे घेतो. त्यांचं.

नवशिका_टाका · २३ जून, रात्री १०:००

नवा पॅटर्न मोठ्या तावावर छापून आणला. चौकोन चार इंच, काटेकोर. दुसरी चादर संपली (घरातून आता चादरी लपवल्या जातायत). छाती आणि गळा दोन्ही बसले. पण फोटोत बघा, डाव्या बाजूला गळ्यापासून बगलेकडे एक तिरकी सुरकुती पडते. उजवीकडे नाही. इस्त्री करून, ओढून, सगळं करून झालं.

बॉबीनकाकू · २४ जून, सकाळी ६:५०

तुझ्या जुन्या मास्तरांनी शिवलेला एखादा शर्ट शिल्लक आहे का? त्याच्यावरून माप काढ. उसवू मात्र नकोस. थर्मोकोलवर किंवा जाड गादीवर तपकिरी कागद पसर, अप्पा बळवंत चौकात मिळतो तो, त्यावर शर्ट सपाट लाव आणि प्रत्येक शिवणीवरून अर्ध्या अर्ध्या इंचावर टाचणी आरपार टोच. शर्ट उचल, भोकं पेन्सिलीने जोड. योक, पाठ, पुढचा भाग, बाही, एकेक करून. योक अर्धाच काढ आणि कागद दुमडून दुसरा अर्धा काप, वेळ वाचतो.

नवशिका_टाका · २७ जून, रात्री ११:४५

काकू, तुमचं शेवटचं वाक्य मी वाचलंच नव्हतं. घाईत दोन्ही बाजू टोचून काढल्या. बरं झालं.

शर्ट सहा वर्षांपूर्वीचा, कॉलर विरलीय, तरी फेकवला नव्हता. योकचा पूर्ण कागद कापून मधोमध दुमडला तर दोन बाजू एकमेकांवर बसेनात. खांद्याच्या टोकाशी डावी बाजू उजवीपेक्षा दोन सूत खाली. आधी वाटलं टाचण्या सरकल्या. पुन्हा काढलं. तेच. मग दुसरा शर्ट शोधला, घरात घालायचा, त्याहून जुना. त्यातही डावा खांदा खालीच, दीड सूत. मुंढासुद्धा तेवढाच खाली सरकवलेला.

बायकोला पाठीमागून बघायला सांगितलं. म्हणाली, "हो, तुझा डावा खांदा उतरलेलाच आहे. बॅग त्याच खांद्यावर घेतोस ना." लग्नाला अठरा वर्षं झाली, मला हे आज कळतंय.

आणि मास्तर बावीस वर्षं डावी बाजू वेगळी कापत होते. एक शब्द बोलले नाहीत.

मास्तर_५८ · २८ जून, सकाळी ७:१५

नाही सांगत कुणी. गिऱ्हाइकाला खांदा उतरलाय म्हटलं की ते आरशात बघत बसतं, मग हाडांच्या डॉक्टरकडे जातं, मग शर्ट न्यायला येत नाही. वहीत लिहून ठेवायचं: 'डा. खां. २ सू.' बस. निम्म्या माणसांचा एक खांदा उतरलेला असतो. पोस्टमन, कंडक्टर, शाळामास्तर, सगळ्यांचा ठरलेला.

आता तुझं काम: योकची डावी बाजू खांद्याच्या टोकाशी दोन सूत खाली घे, गळ्याशी शून्य. मुंढाही तेवढाच खाली सरकव, नाहीतर बाही बसणार नाही. तिरकी सुरकुती जाईल.

कापडगंज · २८ जून, सकाळी ९:००

हे वाचून मी दुकानाच्या आरशात स्वतःचे खांदे बघून आलो. उजवा.

मृण्मयी_के · २८ जून, दुपारी १:००

मीही. डावा. लॅपटॉप.

नवशिका_टाका · ३० जून, रात्री ९:१५

सुरकुती गेली. पॉपलिन कापलं. हात थरथरत होते, पण कापलं. डाव्या-उजव्या तुकड्यांवर खडूने 'डा' आणि 'उ' लिहिलंय, नाहीतर एवढा उपद्व्याप वाया. आता शिवायचा क्रम सांगा. मशीनला इंटरलॉक नाही, आतून दोरे निघू नयेत म्हणून काय करू?

मृण्मयी_के · ३० जून, रात्री १०:००

आधी पुढच्या पट्ट्या आणि खिसा. मग योक, कॉलर, मग बाह्या पसरलेल्या असतानाच मुंढ्याला, मग बगलेपासून कफापर्यंत आणि खाली घेरापर्यंत एकच लांब टीप. शेवटी कफ आणि घेर.

योक दोन पदरी असतो, तो आतून एकदम स्वच्छ करायची एक युक्ती आहे. पाठ दोन योकांच्या मध्ये ठेवून शिवायची. मग पाठ आणि पुढचे भाग गुंडाळून बारीक सुरळी करायची, दोन्ही योकांच्या पोटात घालायची, खांदे शिवायचे आणि गळ्यातून सगळं बाहेर ओढायचं. इंग्रजीत बरिटो म्हणतात. आपण सुरळीची वडी म्हणू.

अनुस्वार · ३० जून, रात्री १०:२०

सुरळीच्या वडीतलं सारण आतच राहतं. हे तर तुम्ही बाहेर ओढताय.

बॉबीनकाकू · १ जुलै, सकाळी ६:४५

तुम्ही वड्या करा, मी कामाचं सांगते. इंटरलॉक नको. बाजूच्या शिवणीला दोन टिपांची चपटी शिवण घाल, जीन्सच्या पायाला आतल्या बाजूने असते तशी. एक पदर अर्धा कापायचा, दुसरा त्याच्यावर दुमडायचा, वरून टीप. वीस धुण्यांनंतरही दोरा निघत नाही. मुंढ्याच्या वळणावर तुला ते नाही जमायचं, तिथे फ्रेंच शिवण घाल, म्हणजे आधी सुलट बाजूने टीप, मग उलटून दुसरी, कडा आत बंद.

सुई ११ नंबरची लाव. त्या मशीनला बहुधा १६ ची लावलेली असेल, पॉपलिनला ती भोकं पाडेल. खाली दोऱ्याचा गुंता झाला तर बॉबीनला शिव्या देऊ नकोस, वरचा दोरा पुन्हा ओव. दहातल्या नऊ वेळा तो ताणाच्या चकत्यांत बसलेला नसतो.

आता कॉलर. इथे सगळे मरतात, म्हणून नीट वाच. कॉलर ताठ ठेवायचं बकरम कागदी घेऊ नकोस, दोन धुण्यांत त्याचा लगदा होतो. कापडी फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) घे, आणि ते मायेशिवाय, नेमक्या तयार मापाचं काप. कापडाच्या उलट बाजूला चिकटव. इस्त्री दाबून धरायची, दहा-पंधरा सेकंद, उचलून पुढे ठेवायची. ओढायची नाही. नीट चिकटलं नाही तर पहिल्या धुण्यात कॉलरवर पापडासारखे फोड येतात. फ्युजिंगची कड हीच तुझी शिवणरेषा. तिला खेटून टीप मारायची, पट्टी लागत नाही.

कॉलरला पाच सूत माया फार होते. शिवायच्या आधीच दोन सुतांवर आण. खालची कॉलर वरच्यापेक्षा अर्धा सूत लहान काप, म्हणजे शिवण आपोआप खाली वळते, वरून दिसत नाही. टोकाशी पोचलास की सुई खाली ठेवून दाबपट्टी उचल, एक टाका तिरका घाल, मग वळ. एका बिंदूत वळलास तर टोक उलटल्यावर गाठ होते. टोक बाहेर काढायला कात्री खुपसू नकोस! तीन पोरींनी माझ्यादेखत कॉलरला भोक पाडलंय. टोकात दुहेरी दोरा अडकवून ठेव आणि तो ओढ.

स्टँड लावताना आधी कच्चा धावदोरा घाल. टाचण्यांवर विसंबू नकोस. बटणपट्टीची कड आणि स्टँडची कड एका रेषेत आली पाहिजे, तिथे पायरी पडली की शर्ट घरी शिवलाय हे लांबून कळतं.

मास्तर_५८ · १ जुलै, सकाळी ८:३०

बाईंनी सगळं बरोबर सांगितलं. माझ्याकडे हाताखाली का नव्हत्या?

बॉबीनकाकू · १ जुलै, सकाळी ८:५०

कारण मी सेवासदनात शिकले आणि मग दुसऱ्याच्या हाताखाली कधी काम केलं नाही.

नवशिका_टाका · ५ जुलै, रात्री ११:३०

काय सांगू. कॉलर झाली, पहिल्या फटक्यात नाही, पण झाली (कापडगंज, पाव मीटरबद्दल धन्यवाद). स्टँडला डावीकडे अगदी केसभर पायरी आहे. टाय लावल्यावर दिसणार नाही, मी टाय लावत नाही.

आज बाह्यांच्या मनगटाच्या पट्ट्या लावल्या, त्या घराच्या छपरासारख्या टोकाच्या. दोन तास घेतले, सुरेख आल्या. शेजारी शेजारी ठेवून फोटो काढायला गेलो तेव्हा लक्षात आलं. दोन्ही डाव्या हाताच्या.

निवांत_पाषाण · ५ जुलै, रात्री ११:४०

उतरलेला खांदा सूड घेतोय.

मृण्मयी_के · ६ जुलै, सकाळी ८:१५

दादा, हे प्रत्येकाचं होतं. चीर बाहीच्या मागच्या अर्ध्यात असते. तिचे दोन काठ. बाहीच्या मोठ्या भागाकडच्या काठाला रुंद पट्टी, बगलेच्या शिवणीकडच्या काठाला अरुंद. बाह्या आरशातल्यासारख्या समोरासमोर ठेवूनच सुरुवात करायची. चीर पाडलेली असल्याने उसवून उपयोग होईलच असं नाही. कापड उरलंय का?

नवशिका_टाका · ६ जुलै, सकाळी ८:३०

एका कोपऱ्यात. अख्खी बाही निघत नाही.

बॉबीनकाकू · ६ जुलै, सकाळी ८:४०

मग अर्ध्या बाह्या कर. मनगटापासून कापून टाक, कोपराच्या वर दीड इंचाची दुमड घाल. ऑफिसात एसी आहे म्हणून कुणी मेलेलं नाही. फुल बाह्या पुढच्या शर्टाला.

नवशिका_टाका · १३ जुलै, संध्याकाळी ७:२०

झाला! हाफ शर्ट. खालचा घेर गोल आहे, तिथे आधी कडेपासून दोन सुतांवर नुसती टीप मारली, त्या टिपेवर दुमडलं, मग पुन्हा दुमडलं. वळणावर तीन चुण्या आल्यात. खोचल्या की संपल्या.

काजं घरी जमणार नव्हती. पेठेत 'काज, बटण, पिको, फॉल' अशी पाटी पाहून गेलो. स्टँडवर एक आडवं, खाली सहा उभी, मधलं अंतर साडेतीन इंच. कफच उरले नाहीत म्हणून सातातच भागलं, नाहीतर अकरा झाली असती. काज करणाऱ्या काकांनी डावी पट्टी मशीनखाली घालण्याआधी दोनदा विचारलं, "जेन्ट्सच ना?" बटणं तुळशीबागेतून, १८ नंबरची, चार भोकांची. बटणं मात्र हाताने लावली, खाली दोऱ्याची मान ठेवून.

काल ऑफिसात घालून गेलो. कुणीही काहीही विचारलं नाही. बराच वेळ वाट पाहिली.

अनुस्वार · १३ जुलै, रात्री ८:००

न विचारणं हीच दाद समजा. अभिनंदन.

कापडगंज · १३ जुलै, रात्री ८:३०

पुढच्याला दोन मीटर घ्या. आता पावणेदोन म्हणालात तर कापून देणार नाही.

मृण्मयी_के · १३ जुलै, रात्री ९:१०

किती छान झालाय! खांदे एकदम चपखल. कॉलरचे जवळचे फोटो टाका ना, मी पण आता धीर करणार आहे.

मास्तर_५८ · १४ जुलै, सकाळी ७:००

फोटो बघितला. चांगला आहे. कॉलर आमच्या पोराने पहिल्या वर्षी केली असती तशी आहे, म्हणजे चांगलीच म्हणायची. डावा खांदा किती उतरवलास?

नवशिका_टाका · १४ जुलै, सकाळी ७:३०

दोन सूत. जुन्या शर्टात होता तेवढाच.

मास्तर_५८ · १४ जुलै, सकाळी ७:४०

तो शर्ट सहा वर्षांपूर्वीचा म्हणालास. त्याच्या आधीच्यात दीड होता. फुल शर्ट कापायच्या आधी परत माप घे. भिंतीला पाठ लावून उभा राहा, दोन्ही खांद्यांच्या टोकांशी भिंतीवर पेन्सिलने खूण करायला सांग.

नवशिका_टाका · १४ जुलै, रात्री ९:३०

बायकोने खुणा केल्या. भिंतीवर पेन्सिल चालवल्याबद्दल आधी बोलणी खाल्ली. अडीच सूत भरतंय.

बॉबीनकाकू · १५ जुलै, सकाळी ६:३०

अर्धं सूत मोजणारी टेप कुठून आणलीस? तीन धर. आणि बॅग उजव्या खांद्यावर घे.